मावा मेला, रोग राहिला

२०२० सालच्या मे महिन्यात, टाळेबंदीने अर्धे बाजार बंद असताना, अकोले, संगमनेर, जुन्नर आणि नाशिककडच्या टोमॅटोच्या प्लॉटांत भलताच माल निघू लागला. फळ नेहमीसारखं लालबुंद होईना. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट-पांढरे पट्टे. कापलं तर आत कडक, पांढरट गर. कुणीतरी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटलं आणि बघता बघता ते नाव बातम्यांत आणि मोबाइलवर पोचलं. एरवी ते गावाच्या वेशीबाहेर गेलं नसतं. पण त्या उन्हाळ्यात ‘व्हायरस’ म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरत होती. टोमॅटो खाल्ला तर माणसालाही बाधतो, अशी आवई उठली. आधीच व्यापारी येत नव्हते, त्यात गिऱ्हाईकही बिचकलं.

नमुने बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीत जे नाव पुढे आलं त्याचा टोमॅटोशी संबंध नाही असंच कुणालाही वाटेल: काकडी मोझॅक विषाणू. १९१६ साली अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर या दोन संशोधकांनी आपापल्या ठिकाणी तो काकडीवर नोंदवला, म्हणून काकडीचं नाव त्याला चिकटलं, इतकंच. प्रत्यक्षात तो बाराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो. टोमॅटो, मिरची, भोपळावर्गीय वेली, शोभेची फुलझाडं, बांधावरचं तण, काहीही त्याला चालतं. जळगावकडे केळीवर जो ‘हरण्या’ येतो, तोही हाच.

माणसाला बाधण्याचा प्रश्न लगेच निकालात काढता येतो. वनस्पतींचे विषाणू वनस्पतींच्या पेशींतच वाढतात. आपल्या पेशींत शिरण्याची किल्ली त्यांच्याकडे नाही. आपण ते रोज खातो. माणसाच्या विष्ठेत कुठले विषाणू असतात हे २००६ साली शास्त्रज्ञांनी तपासलं, तेव्हा आरएनए असलेल्या विषाणूंत सर्वांत जास्त संख्येने सापडला तो ढोबळ्या मिरचीवरचा एक विषाणू. जेवणातून पोटात गेला, काहीही न करता बाहेर पडला. आता तर पाण्यात सांडपाणी मिसळलंय का हे ओळखण्यासाठी त्या विषाणूचा माग काढतात. तिरंगा टोमॅटो खाणाऱ्याला फार तर चव लागली नसती.

पण खाणाऱ्याचा प्रश्न सुटला म्हणून पिकवणाऱ्याचा सुटत नाही. त्याचं पहिलं पाऊल ठरलेलं असतं: पानं आक्रसलेली दिसली की कृषी सेवा केंद्रात जायचं, औषध आणायचं, फवारा मारायचा. दुकानात ‘व्हायरसवर चालतं’ म्हणून बाटल्याही मिळतात. झाडात एकदा शिरलेला विषाणू शेतात मारू शकेल असं औषध आजही नाही. मारता येतो तो फक्त त्याला आणणारा कीटक. आणि तोही मारून उपयोग होईल की नाही, हे त्या कीटकाने विषाणू किती वेळ आणि शरीरात कुठे बाळगला, यावर ठरतं. या रोगांचं सगळं गणित वेळेचं आहे.

आधी एक साधा प्रश्न: विषाणूला कीटक लागतोच कशाला? सर्दीचा विषाणू शिंकेतून उडतो आणि नाकाच्या ओल्या पेशींना थेट भिडतो. वनस्पतीच्या पेशीभोवती मात्र सेल्युलोजची भिंत असते. विषाणूला ती फोडता येत नाही. पानावर नुसता पडून राहिलेला विषाणू उन्हात वाळून जातो. त्याला आत जायला जखम हवी, आणि जखमही बेताची. अळीने पान कुरतडलं तर तिथल्या पेशीच मरतात. मेलेल्या पेशीत विषाणू वाढणार कसा? (काही भुंगेरे चावूनही रोग पसरवतात, पण तो अपवाद.) पेशीला छिद्र पडावं आणि पेशी जगावी, असं नाजूक काम रस शोषणारे कीटकच करू शकतात. मावा, पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे. भाजीपाल्यावरच्या बहुतेक मोठ्या विषाणूरोगांमागे यांच्यापैकीच कुणीतरी असतं.

गंमत म्हणजे विषाणू सापडायच्या आधीच त्याचा वाहक सापडला होता. जपानच्या शिगा प्रांतातल्या हाशिमोतो नावाच्या शेतकऱ्याने १८९४ च्या सुमारास भातावर तुडतुडे सोडून बघितले आणि भात खुजा राहण्याचा रोग या किड्यांमुळे येतो असं दाखवलं. तंबाखूवरच्या मोझॅकचा रस गाळणीतून पार होऊनही रोग लावतो, हे रशियात इव्हानोव्स्कीने १८९२ मध्ये पाहिलं होतं. पण हा जिवाणूंपेक्षा वेगळाच काही प्रकार आहे, असं हॉलंडच्या बायेरिंकने म्हटलं ते १८९८ मध्ये. म्हणजे हाशिमोतोला किडा दिसत होता, रोग दिसत होता, आणि मधला पदार्थ काय आहे हे सांगायला तेव्हा जगात कुणाकडे शब्दच नव्हता.

आता मावा घेऊ. तिरंग्याचा काकडी मोझॅक विषाणू मावाच पसरवतो. त्याची ऐंशीहून अधिक जातींच्या माव्यांशी मैत्री आहे. पंखवाला मावा उडत उडत पिकावर उतरतो तेव्हा हे झाड आपल्या कामाचं आहे का, हे त्याला वरून कळत नाही. मंडईत द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो वरच्या एका पेशीत सोंड खुपसतो, थेंबभर रस चाखतो, आवडलं नाही तर पुढच्या झाडावर. ही चाखणी काही सेकंदांची असते. झाड रोगट असेल तर तेवढ्या वेळात सोंडेच्या टोकाला विषाणू चिकटतात. पुढच्या झाडावर पुन्हा चाखणी, आणि लाळेबरोबर विषाणू नव्या पेशीत. सोंडेच्या टोकावरचे विषाणू काही मिनिटांत, फार तर काही तासांत संपतात. पण संपेपर्यंत दोन-चार झाडांना लागण झालेली असते.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही शेतकऱ्याच्या मनाविरुद्ध जातात. पहिली: फवाऱ्याने मावा मरतो, पण मरायला त्याला जितका वेळ लागतो त्याच्या आत काम झालेलं असतं. उलट काही औषधांनी मावा अस्वस्थ होतो आणि मरण्यापूर्वी जास्त ठिकाणी सोंड खुपसतो. म्हणजे पैसे खर्च करून रोग पसरवायचा. दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे. टोमॅटोवर मावा दिसलाच पाहिजे असं नाही. टोमॅटोवर वस्ती न करणारे, केवळ वाटेत उतरलेले मावेही एक चाखणी घेऊन रोग सोडून जातात. ‘आमच्या प्लॉटात मावाच नव्हता, मग हे आलं कुठून?’ असं विचारणारा शेतकरी खरंच बोलत असतो. मावा येऊन गेलेला असतो.

यात विषाणूची स्वतःची चलाखीही आहे. अमेरिकेत केरी मॉक, कॉन्सुएलो दे मोराइस आणि मार्क मेशर यांनी २०१० साली भोपळावर्गातल्या झाडांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काकडी मोझॅक झालेली झाडं नेहमीपेक्षा जास्त वास सोडतात. त्या वासाने मावा ओढला जातो. पण झाडाचा रस मात्र माव्याच्या दृष्टीने निकस झालेला असतो, म्हणून मावा तिथे टिकत नाही, लगेच उडतो. आता विषाणूच्या बाजूने विचार करा. त्याला माव्याने राहायला नकोच आहे. यावं, चाखावं आणि लगेच निघावं, एवढंच हवंय. झाडाचा वास आणि चव दोन्ही बदलून तो नेमकं तेच घडवून आणतो. मेंदू तर सोडाच, ज्याला पेशीही नाही त्याने हे साधावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग करायचं काय? जुनी माणसं टोमॅटोभोवती मक्याच्या दोन-चार ओळी लावतात. त्याला नुसता वारा अडवण्याचा उपाय समजू नये. बाहेरून आलेला मावा पहिल्यांदा मक्यावर उतरतो, तिथे चाखणी घेतो, आणि सोंडेवरचे विषाणू मक्याच्या पानातच उतरवून बसतो. मक्याला त्याचं फारसं काही होत नाही. टोमॅटोपर्यंत पोचतो तेव्हा त्याची सोंड रिकामी असते. रुपेरी मल्चिंग पेपरवरून परावर्तित झालेल्या उजेडाने मावा बिचकतो आणि उतरायचंच टाळतो. खनिज तेलाचा पातळ फवारा आणखी मजेदार काम करतो. तो माव्याला मारत नाही, पण पानावरच्या तेलाच्या थराने सोंडेवर विषाणू धरून राहणं कठीण होतं. बटाट्याच्या बियाण्याच्या पिकात हा उपाय बऱ्याच देशांत वापरतात. आपल्याकडे तो मागे पडला, कारण तेल मारल्यावर किडे मेलेले दिसत नाहीत, आणि मेलेला किडा दिसल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत.

पांढऱ्या माशीचं घड्याळ पूर्ण वेगळं चालतं. पानाच्या खालच्या बाजूला बसलेली, मिलिमीटरभर लांबीची ही माशी टोमॅटोचा बोकड्या, मिरचीचा चुरडा-मुरडा, भेंडीचा हळद्या असे कितीतरी रोग वाहते. तिच्याबरोबर जाणारे विषाणू बहुतेक बेगोमोव्हायरस कुळातले: डीएनएचं गोल कडं, आणि बाहेर जुळ्या खोक्यांसारखं आवरण. हे सोंडेच्या टोकावर चिकटून जात नाहीत. माशी पानाच्या शिरेतला रस बराच वेळ ओढते, तेव्हा ते पोटात जातात. आतड्याच्या भिंतीतून तिच्या शरीरातल्या द्रवात, तिथून लाळग्रंथींत, आणि मग पुढच्या झाडात. या कुळातल्या भूमध्यसागरी टोमॅटो विषाणूला या सगळ्या फेरीसाठी सुमारे आठ तास लागतात. एकदा फेरी पूर्ण झाली की माशी आठवडेच्या आठवडे, बहुतेक वेळा मरेपर्यंत, रोग लावत राहते. तिच्या शरीरातल्या द्रवात विषाणू मोडून पडायला हवेत. पण माशीच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेलं एक प्रथिन त्यांना जपून ठेवतं. म्हणजे वाहक माशी, आणि माशीतल्या विषाणूचा राखणदार एक जिवाणू.

इथे फवाऱ्याला थोडी जागा आहे. माशीला विषाणू घ्यायला आणि द्यायला वेळ लागतो, म्हणून रोपाच्या मुळाशी दिलेलं, झाडभर पसरणारं औषध तिला आधीच गाठू शकतं. पण शेजारच्या शेतातून रोग घेऊन आलेली माशी औषध पोटात जाईपर्यंत एखादं झाड बाधित करतेच. शिवाय पांढरी माशी औषधांना सरावण्यात पटाईत आहे.

या माशीचा आणि हळद्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाची पहिली नोंद १९२४ साली मुंबई इलाख्यात कुलकर्णी यांनी केली. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचं सिद्ध केलं आणि पुढे वर्मांनी पांढरी माशी आणि हा विषाणू यांचं नातं तपशिलात अभ्यासलं. यातलं बरंच काम पुण्यात झालं. पुण्याच्या वनस्पती-विषाणू संशोधनाला ही पार्श्वभूमी आहे, हे शहरातल्या फार लोकांना माहीत नसतं.

हळद्याला उत्तर म्हणून १९६० च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी पुसा सावनी ही भेंडी आणली. ती रोगाला अजिबात दाद देत नव्हती असं नाही, पण शेतात लक्षणं कमी दिसत. देशभर ती पसरली. काही वर्षांत तिच्यावरही शिरा पिवळ्या पडू लागल्या. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाशी, अॅबेलमॉस्कस मॅनिहॉटशी, केला. अशा दूरच्या संकरातली झाडं बहुधा वांझ निघतात. पुन्हा पुन्हा भेंडीशी उलट संकर करून, पिढ्यांमागून पिढ्या निवड करून त्यांनी ‘परभणी क्रांती’ तयार केली आणि १९८६ मध्ये तिचा अहवाल आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या विद्यापीठातून निघालेलं हे वाण पुढे कित्येक वर्षं देशभर लावलं गेलं. आज त्याच्यावरही हळद्या दिसतो. विषाणू बदलत राहतो. रानटी नातेवाइकाकडून उसनी घेतलेली ताकद त्याला कधी ना कधी ओळखीची होते.

टोमॅटोच्या बोकड्याची कथाही याच वळणाची, पण वेगाने घडलेली. उत्तर भारतात त्याची नोंद १९४८ ची. पुढे दक्षिणेत त्याने थैमान घातलं आणि १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात पांढऱ्या माशीचा परदेशातून आलेला ‘बी’ प्रकार सापडला. टोमॅटोच्या पट्ट्यात रोगाची साथ जोरात असतानाच तो आढळला. दिसायला तीच माशी, पण अनेक पिकांवर झपाट्याने वाढणारी. विषाणूचा प्रवास मात्र उलट्या दिशेनेही होतो. दिल्लीत १९९५ मध्ये टोमॅटोवरून वर्णन केलेला पर्णगुच्छ (म्हणजे बोकड्याचा) विषाणू २०१२ मध्ये स्पेनमध्ये काकडीच्या कुळातल्या झुकिनीवर सापडला, आणि मग इटलीत. तिथले शेतकरी ‘न्यू दिल्ली’ हे नाव घेऊन त्याला शिव्या घालत असतील.

प्रतिकारक टोमॅटो मिळवायला इथेही रानटी नातेवाइकांकडेच जावं लागलं. हिसारच्या कल्लू यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका केसाळ रानटी टोमॅटोतून प्रतिकार उचलून एच-२४ हे वाण केलं. त्यातलं जनुक पुढे जगभरच्या संकरित टोमॅटोंत वापरलं गेलं. बेंगळुरूच्या संस्थेचं अर्का रक्षक बोकड्या, मर आणि लवकर येणारा करपा अशा तिघांना तोंड देतं. पण हे बियाणं विकत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: ‘व्हायरस प्रतिकारक’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी तो प्रतिकार बहुधा बोकड्याच्या विषाणूंपुरता असतो. काकडी मोझॅकला तोंड देईल असं भरवशाचं वाण सहज मिळत नाही. २०२० मध्ये चांगल्या संकरित वाणांचे प्लॉटही तिरंगा झाले, यात आश्चर्य काही नव्हतं.

फुलकिड्यांकडे आलं की गणित पुन्हा उलटतं. फुलकिडे सोंड खुपसून शांतपणे रस ओढत नाहीत, खरवडून पेशींतला रस पितात. त्यांच्याबरोबर जाणारा विषाणू टोमॅटोच्या शेंड्याला काळपट-तांबूस करून जाळतो, फळावर गोल गोल वलयं उमटवतो. भुईमुगात यालाच शेंडेमर म्हणतात, आणि विषाणूला नावही भुईमुगाचंच मिळालं. आपल्याकडे तो मुख्यतः थ्रिप्स पाल्मी हा फुलकिडा पसरवतो. आधी संशोधकांचा अंदाज दुसऱ्या जातींवर होता; हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत झालेल्या कामातून हे पुढे स्पष्ट झालं.

यातली अट ऐकण्यासारखी आहे. विषाणू फक्त पिल्लू अवस्थेतला फुलकिडा घेऊ शकतो. मोठा फुलकिडा रोगट झाड कितीही खरवडू दे, तो विषाणू पुढे देऊ शकत नाही. पिल्लाच्या शरीरात आतडं आणि लाळग्रंथी एकमेकांना अगदी लागून असतात. तेवढ्याच काळात विषाणूला एकातून दुसऱ्यात जाता येतं. एकदा गेला की तो किड्याच्या शरीरातही वाढतो. म्हणजे हा विषाणू झाडाचाही आणि किड्याचाही. याच्याच टॉस्पो कुळातल्या एका विषाणूवर २०११ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की बाधित नर फुलकिडे निरोगी नरांपेक्षा जास्त वेळा झाड टोचतात. किड्याचं वागणंही विषाणू आपल्या सोयीने फिरवतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की टोमॅटोवर उडून आलेला फुलकिडा रोग कुठून घेऊन आला हे शोधायचं असेल, तर त्याची पिल्लं कुठे वाढली ते बघायला हवं. बांधावर, शेजारच्या जुन्या प्लॉटात, तणांत. प्लॉट संपल्यावर वेली न काढता तशाच सोडल्या की त्यांच्यावर फुलकिड्यांची पुढची पिढी विषाणूसकट वाढते.

तणाचा विषय निघालाच आहे तर काँग्रेस गवताचं एक जुनं प्रकरण सांगायला हवं. हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यात, १९५५ साली. २००० मध्ये आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगाचं खोड काळं पडून झाडं मरू लागली. सव्वादोन लाख हेक्टरवर नुकसान झालं आणि ते सुमारे तीनशे कोटी रुपयांचं असावं असा अंदाज निघाला. विषाणू तंबाखूवरचा, जुन्या ओळखीचा निघाला. पण तो येत कुठून होता? काँग्रेस गवतातून. गवताला स्वतःला काहीच लक्षण नाही; विषाणू त्याच्या परागात. वाऱ्याने पराग भुईमुगाच्या पानांवर पडायचा, काही पराग फुलकिडे अंगावर घेऊन यायचे, आणि फुलकिड्याने पान खरवडलं की त्या जखमेतून परागातला विषाणू आत. फुलकिडा इथे विषाणू शरीरात वाहतच नाही. तो फक्त दार उघडतो. हे शोधून काढणाऱ्यांनी डोकं किती चालवलं असेल!

सगळेच विषाणू किड्यावर बसून येत नाहीत, हेही सांगायला हवं. टोमॅटो मोझॅक विषाणू हातांतून, कात्रीतून, बांधणीच्या सुतळीतून, बियाण्यातून जातो. झाडं बांधणारा आणि फुटवे काढणारा माणूसच त्याचा वाहक. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभर-दीडशे रुपये किलोच्या पुढे गेला तेव्हा महाराष्ट्रातले शेतकरी काकडी मोझॅकला दोष देत होते आणि कर्नाटकातले या टोमॅटो मोझॅकला. शिवाय फळ रंगात न येण्यामागे विषाणूच असेल असंही नाही. तापमान तीस-बत्तीस अंशांच्या वर गेलं की फळात लायकोपिन बनायचं मंदावतं आणि ते पिवळट राहतं. पालाश कमी पडला तरी तसंच. डोळ्यांनी ठरवलेलं निदान किती ढिलं असू शकतं हे बघायचं असेल तर एकाच प्लॉटातल्या दहा झाडांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. एकाच झाडात दोन-तीन विषाणू सापडणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

निदान काहीही आलं, तरी ते नेहमी उशिराचं असतं. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. शेतात आज आक्रसलेलं झाड दिसतंय, म्हणजे किडा पंधरवड्यापूर्वी येऊन गेला. आज मारलेला फवारा त्या किड्याला लागणार नाही. तो आजच्या किड्यांना लागेल, जे कदाचित रोग वाहतही नसतील. आणि रोपाचं वय जितकं लहान तितकं नुकसान मोठं. रोपवाटिकेत किंवा लागवडीनंतरच्या महिन्याभरात बोकड्या लागला तर झाडाला फळच धरत नाही; तिसऱ्या तोड्यानंतर लागला तर फार बिघडत नाही. म्हणून बारीक जाळीच्या आत वाढवलेलं रोप हे पुढच्या दहा फवाऱ्यांपेक्षा स्वस्त पडतं. लवकर दिसलेलं रोगट झाड उपटून प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर नेणं, पिवळे आणि निळे चिकट सापळे किडे मोजायला लावणं, या गोष्टी पुस्तकी वाटतात, पण त्यांना तर्क आहे. पिवळ्या सापळ्याने मावा संपत नाही. कधी आला हे कळतं.

सगळ्यांत परिणामकारक उपाय मात्र कुठल्याच एका शेतकऱ्याच्या हातात नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोमॅटोचा पर्णगुच्छ विषाणू पोचला आणि तिथला प्रक्रिया-टोमॅटोचा उद्योग झोपला. सरकारने नियम केला: वर्षातले तीन महिने पांढरी माशी पोसणारी पिकं लावायचीच नाहीत. टोमॅटो नाही, काकडी-भोपळा नाही, घेवडा नाही. त्या काळात माशीला विषाणू घ्यायला झाडच उरलं नाही, आणि नव्या हंगामातली पहिली माशी मोकळ्या हाताने आली. थोडी प्रतिकारक वाणंही त्यात घातली, आणि उद्योग पुन्हा उभा राहिला.

नारायणगाव ते पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तिन्ही हंगाम टोमॅटो उभा असतो. एका प्लॉटाच्या वेली उपटायच्या आधी शेजारच्या वाफ्यातली रोपं लागलेली असतात. माव्याला, माशीला, फुलकिड्याला वर्षभर हिरवी वाट मिळते. इथे असा खंड पाडायचा तर तो मे-जूनच्या आसपास पाडावा लागेल, कारण उन्हाळ्यात पांढरी माशी फोफावते आणि उन्हाळी प्लॉटातूनच ती खरीप लागवडीवर जाते. पण जून-जुलैत बाजारात माल कमी असतो. २०२३ च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, आणि ज्यांचा उन्हाळी प्लॉट त्या महिन्यात शाबूत होता त्यांच्या बातम्या पेपरांत आल्या. त्या महिन्याचा माल सोडून सगळ्या गावांनी मिळून मे-जूनमध्ये टोमॅटो उभा ठेवायचा नाही, असा ठराव करायचा, तर पहिली सही कुणी करायची?